पाणी-सल्ला: ठिबकच्या शेवटचा ऊस का पिवळा पडतो?

प्रश्न : बोअरवर एक एकर उसाला ठिबक केलं. दोन वर्षं बरं चाललं. आता शेवटाकडचा ऊस पिवळा पडतोय, तिथं पाटानं पाणी द्यावं लागतं. ठिबक काढून टाकावं का?
— ऊस उत्पादक, ता. चिकोडी

उत्तर : काढू नका, आधी मोजा. ताशी २ लिटरच्या ड्रिपरखाली ३ मिनिटं वाटी धरली तर १०० मिली पाणी यायला हवं. लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या नळीच्या) सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा. सगळीकडेच कमी भरलं तर दाब कमी आहे. फिल्टर धुऊन पाहा. फक्त शेवटी कमी असेल तर नळीत गाळ नाहीतर चुना बसलाय.

एक ड्रिपर कापून आतल्या पांढऱ्या थरावर आम्लाचा थेंब टाका. फेस आला की तो बोअरच्या जड पाण्याचा चुना. मग १० लिटर पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल मिली-मिलीनं घालत पीएच (पाण्याच्या आंबटपणाचं माप) ४ वर आणा. समजा ५ मिली लागलं, तर लिटरला अर्धा मिली हे तुमचं प्रमाण. व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात आम्ल-खत ओढून घेणाऱ्या नळीतून) सोडा, शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याला पीएच कागद लावून खात्री करा, मग मोटर बंद. दुसऱ्या दिवशी चार-चार लॅटरलची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईतो धुवा. एकदम सगळी उघडली तर दाबच राहत नाही आणि गाळ तिथंच बसतो. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही; हातमोजे आणि चष्मा हवाच.

आता खरं दुखणं : गरजेपेक्षा जास्त तास ठिबक चालवणं. पाच फुटी सरी आणि ४० सेंमीवर ड्रिपर असतील तर एकरी तासाला साधारण १३,५०० लिटर पाणी पडतं. भर उन्हाळ्यात मोठ्या उसाला रोज ८ मिमी धरलं, तर एकरी सुमारे ३२,००० लिटर, म्हणजे साधारण अडीच तास पुरे. करंट आहे तोवर, सात-सात तास, ठिबक चालू ठेवलं तर सुमारे ९४,५०० लिटर जातं. मग पाटपाण्यापेक्षा बचत ती कसली? जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातलं सुमारे ७० टक्के शेतीलाच जातं, म्हणून हे तास मोजणं फार मोलाचं आहे. सरीत पाचट पसरा, जाळू नका. ऊन थेट मातीवर पडत नाही आणि ओल टिकते.

प्रश्न : दूधगंगेचं पाणी आहे, नळीत शेवाळ धरतं. आम्ल चालेल का?
— सदलगा परिसर

उत्तर : शेवाळाला आम्ल नको, क्लोरीन हवं. हजार लिटर पाण्याला ताजी ब्लीचिंग पावडर साधारण ६५ ग्रॅम. रात्री बादलीत भिजवून वरची निवळीच सोडा, २४ तासांनी नळ्या धुवा. नदीच्या पाण्याला वाळूचा फिल्टर लागतोच, नुसत्या जाळीनं शेवाळ अडत नाही. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र कधीही आणू नका, विषारी वायू सुटतो. दोन्हींमध्ये नळ्या पूर्ण धुतलेल्या हव्यात.