लर्निंगची मुदत संपली आणि आठव्या दिवशी अपघात

प्रश्न (कराडच्या एका ताईंचं पत्र, थोडक्यात): माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. मोटारसायकल माझ्या नावावर आहे. १२ फेब्रुवारीला त्याचं लर्निंग लायसन निघालं. पक्क्या लायसनच्या टेस्टचा स्लॉट जुलैत होता, पण त्या दिवशी फार पाऊस होता म्हणून तो गेला नाही. पुढचा स्लॉट २५ ऑगस्टचा मिळाला. १९ ऑगस्टला त्याच्या गाडीची धडक बसून एका वयस्कर गृहस्थांचा पाय मोडला. मागे मित्र बसला होता, त्याच्याकडे पक्कं लायसन आहे. पोलीस म्हणतात, लर्निंगची मुदत संपली होती. मुदत असते हेच माहीत नव्हतं. स्लॉट बुक असताना मुदत कशी संपते? आता लगेच पक्कं लायसन काढलं तर भागेल का? ओळखीचे काही जण सुचवतात की मित्रच चालवत होता असं सांगा. तसं सांगावं का?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. जबाब, दवाखान्याच्या नोंदी, चौकातले कॅमेरे, मित्राच्या मोबाइलचं लोकेशन, यातलं एकही जुळलं नाही की आज जो निष्काळजीपणा आहे तो उद्या खोटा पुरावा होतो. वर मित्राचं घरही त्यात ओढलं जातं. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांच्याकडे पुन्हा सल्ला मागायला जाऊ नका.

आता मुद्द्याचं. तुमचं सगळं प्रकरण ११ ऑगस्ट या एका तारखेवर उभं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४ नुसार लर्निंग लायसन दिल्या दिवसापासून सहा महिने चालतं. स्लॉट बुक केल्याने ते वाढत नाही, फी भरल्याने वाढत नाही, आरटीओत गर्दी होती म्हणूनही वाढत नाही. मुदत संपल्यावरही लायसन ३० दिवस चालू धरण्याची सवलत पूर्वी याच कलमात होती. ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली. कोरोनाकाळातल्या मुदतवाढीचा दाखला अजून काही वाचक देतात, पण ती २०२१ मध्येच आटोपली. म्हणजे १९ ऑगस्टला तुमच्या मुलाकडे लायसन नव्हतं. आणि २५ तारखेच्या ज्या स्लॉटच्या भरवशावर तुम्ही बसलात, त्याचाही उपयोग नव्हता. टेस्टच्या दिवशी लर्निंग जिवंत लागतं.

थोडं रागावून बोलतो. लर्निंग मिळून ३० दिवस झाले की टेस्ट देता येते. मुलगा मार्चच्या मध्यात ग्राउंडवर उभा राहू शकला असता. समजा आठच्या आकड्यात पाय टेकला आणि नापास झाला, तर सात दिवसांनी पुन्हा संधी मिळते. सलग तीनदा नापास झाला तर ६० दिवस थांबावं लागतं, वर उजळणीचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. हे सगळे अपशकुन एकापाठोपाठ झाले असते तरी जूनपर्यंत गाडं पुन्हा रुळावर आलं असतं आणि ऑगस्ट हाताशी राहिला असता. तुम्ही पहिला स्लॉटच जुलैचा घेतला आणि तोही पावसासाठी सोडला. कराडला जुलैत पाऊस पडतो, यात नवीन ते काय? आता घरबसल्या आधारवर लर्निंग निघतं, ही सोय चांगलीच आहे. पण पंधरा प्रश्नांपैकी नऊ बरोबर आले की लोक प्रिंट काढतात, घडी घालून पाकिटात ठेवतात आणि त्यावर छापलेली शेवटची तारीख कुणी वाचत नाही.

आठ दिवसांना एवढं महत्त्व का, तर विम्यामुळे. तुमच्या पॉलिसीत ‘ड्रायव्हर’ या मथळ्याखाली दोन-तीन ओळी असतील, त्या काढून वाचा. चालू लर्निंग असलेला माणूसही गाडी चालवू शकतो, मात्र त्याने केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळलेला हवा, अशा अर्थाचं ते कलम असतं. नियम ३ म्हणतो: लर्निंग चालू हवं, सोबत पक्कं लायसन असलेला शिकवणारा हवा, गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा, आणि मोटारसायकलवर शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कुणी बसवायचं नाही. मागे बसलेला माणूस मोटारसायकल आवरणार कशी, हे नियम लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तो लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर चारचाकी असावी. तरीही ११ ऑगस्टच्या आत हे घडलं असतं, तर मागे बसलेला तुमच्या मुलाचा मित्र हा तुमचा हुकमाचा पत्ता ठरला असता. लर्निंग हेही वैध लायसनच, असं सर्वोच्च न्यायालयाने स्वर्ण सिंग प्रकरणात २००४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण तारीख उलटल्यावर मुळात शिकाऊच कुणी उरत नाही. मग मित्र शिकवणारा ठरवून काय उपयोग?

पुढे बहुधा असं होईल. जखमी गृहस्थ मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातील. विमा कंपनी लायसनची नोंद पोर्टलवरून काढून ११ ऑगस्टवर बोट ठेवेल. अशा वेळी न्यायाधिकरणं बऱ्याचदा सांगतात की कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. मालक म्हणजे मुलगा नव्हे, तुम्ही. या वसुलीसाठी कंपनीला वेगळा दावाही लावावा लागत नाही. हे सगळं पुढच्या वर्षी होईल असं समजू नका. तारखांवर तारखा पडतील, साक्षीला डॉक्टर येणार नाहीत, बदली झालेल्या अधिकाऱ्याची वाट पाहिली जाईल, आणि भरपाईवरचं व्याज मात्र अर्जाच्या तारखेपासून गुपचूप चढत राहील. वसुलीची नोटीस येते तेव्हा बऱ्याच घरांत अपघात विसरलेलाही असतो.

म्हणून समन्स आलं की हजर राहा. गैरहजर मालकाविरुद्ध एकतर्फी निकाल लागतो आणि जी एक बाजू मांडता आली असती तीही जाते. स्वर्ण सिंग प्रकरणाच्या निकालाने कंपनीला दुसरीही गोष्ट सिद्ध करायला सांगितली आहे: गाडी योग्य लायसन असलेल्याच्या हाती जावी याची वाजवी काळजी मालकाने घेतली नाही. किल्ली दिली तेव्हा लर्निंग चालू होतं आणि टेस्टसाठी दोनदा नंबर लावला होता, हे खरं असेल तर त्याच्या पावत्या, मेसेज आणि जुन्या लर्निंगची प्रत आजच जपून ठेवा. ‘मुदत असते हेच माहीत नव्हतं’ हे वाक्य पत्रात लिहिलंत तसं जबाबात लिहू नका. हा बचाव टिकेलच, असं मी म्हणणार नाही.

विमा कंपनीला अपघात अजून कळवला नसेल तर आज लेखी कळवा, चालवणाऱ्याचं खरं नाव घालून. पॉलिसीची तारीखही बघा. २०१८ च्या सप्टेंबरनंतर नवी घेतलेली दुचाकी असेल तर थर्ड पार्टी (म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा सुरुवातीलाच पाच वर्षांचा असतो, तेव्हा तो अजून चालू असू शकतो.

फौजदारी बाजू थोडक्यात. विनालायसन चालवल्याबद्दल मुलावर मोटार वाहन कायद्याचं कलम १८१ आणि गाडी दिल्याबद्दल तुमच्यावर कलम १८० लागू शकतं. दोन्हींत तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पाय मोडला म्हणजे ती गंभीर दुखापत, तेव्हा भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १२५ ही कलमंही येतील. त्यांचं काय होईल ते पंचनाम्यावर आणि साक्षीदारांवर अवलंबून आहे, पत्रावरून सांगता येणार नाही. एक मात्र करा: पाच हजार भरून मोकळं व्हायच्या घाईत गुन्हा कबूल करण्याआधी कराडच्याच एखाद्या वकिलाला कागद दाखवा. तीच कबुली उद्या विमा कंपनी तुमच्यासमोर ठेवेल.

राहिलं नवं लायसन. काढाच, पण त्याने १९ ऑगस्ट बदलत नाही. एजंट मागच्या तारखेचं काही करून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. लायसनच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर प्रत्येक नोंदीची तारीख पडते. लर्निंगचा अर्ज, परीक्षा, ३० दिवसांची वाट, सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओत अर्ज करता येतो, तेव्हा कराडला स्लॉट लांबचा मिळाला तर साताऱ्याचा बघा. लर्निंग निघेल त्या दिवशीच पुढच्या महिन्यातला लवकरात लवकरचा स्लॉट घ्या आणि पाऊस असला तर रेनकोट घालून पाठवा. टेस्ट पास होऊन पक्कं लायसन हातात येईपर्यंत किल्ली तुमच्या कपाटात राहू द्या.