विचारा सिस्टरला : पोरीला नर्सिंगला पाठवू का?

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातले, गावाचं नाव छापू नका. पोरीचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, लातूरला एका दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून लागायलीय. तिचे पप्पा म्हणतात कोरोनात नर्सेसचे काय हाल झाले बघितलं ना, परत तशी साथ आली तर लेकराचं कसं? तेव्हा नेमका त्रास कशाचा होता ते खरं खरं सांगा. — एक आई

उत्तर : ताई, लोकांना वाटतं आम्हाला सगळ्यात जास्त भीती कोरोना होण्याचीच होती. ती होतीच, मार्च 2020 मध्ये तर कुणालाच काही माहीत नव्हतं. पण 16 जानेवारी 2021 पासून लस आली, पहिली आम्हालाच मिळाली, भीती बरीच कमी झाली आणि तरी लई वाईट दिवस त्यानंतरचेच, एप्रिल-मे 2021 चे. कारण पेशंट ढीगभर आणि हात मोजके. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक सिस्टर पाहिजे, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवतात, तिथं नाईटला अख्खा वॉर्ड दोघींवर.

ऑक्सिजनचंच बघा. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण 7 हजार लिटर गॅस असतो. मिनिटाला 15 लिटरनं एका पेशंटला लावला तर पावणेआठ तास पुरतो, पण जोरात ऑक्सिजन देणारी हाय फ्लोची मशीन 60 लिटरनं चालली की दोन तासाच्या आत खलास! म्हणजे एक डोळा पेशंटच्या सॅच्युरेशनवर (रक्तातल्या ऑक्सिजनवर), एक सिलिंडरच्या गेजवर, मधेच कुणाला पालथं झोपवायचं, तर कुणी मास्क ओढून काढतंय.

त्यात नातेवाईकांना आत सोडत नव्हते, मग जेवू घालणं, पाणी पाजणं, बेडपॅन, घरच्यांना व्हिडीओ कॉल लावून देणं सगळं सिस्टर आणि वॉर्डातल्या मदतनीस मामा-मावशींनीच करायचं. पीपीई किटमध्ये सगळे सारखेच दिसतात म्हणून आम्ही मार्करनं छातीवर नाव लिहायचो, तेवढ्यानं म्हातारी माणसं नावानं हाक मारायची, बरं वाटायचं त्यांना. मे महिन्यातलं आपलं ऊन माहितीये तुम्हाला, बाहेर 42 डिग्री आणि आत प्लास्टिकचा झगा, संसर्ग पसरू नये म्हणून एसी बंद. किट काढलं की नवीन मिळेलच असं नाही, त्यामुळं सहा-सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, पाळी असली तरी तसंच. गॉगलवर वाफ धरायची, हातात दोन-दोन ग्लोव्हज, अशात सुकलेल्या हाताची शीर बोटानं चाचपून सुई लावायची. आणि घरी आल्यावर आंघोळ, कपडे धुणं. आपल्याकडं उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवसांनी येतो तिथं टँकरच्या पाण्यात हे रोज कसं निभावलं ते त्या पोरींनाच ठाऊक.

मला राग दोन गोष्टींचा आहे. तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर पोरी घेतल्या, त्यांनी जीव लावून काम केलं आणि लाट ओसरली की त्यांना कमी केलं. हे चुकीचंच झालं. घरमालकांनी नर्सेसना खोल्या सोडायला लावल्या तेही. दवाखान्यातल्या लोकांवर होणाऱ्या हल्ल्यांविरुद्ध 2020 मध्ये साथरोग कायद्यात बदल झाला, गंभीर इजा केली तर सात वर्षापर्यंत शिक्षा, गुन्हा अजामीनपात्र. पण ड्युटीवरून एकटी घरी येणाऱ्या पोरीला कायद्याइतकाच शेजाऱ्यांचा आधार लागतो.

म्हणून पोरीला पाठवा, पण जॉइन व्हायच्या आधी तिला विचारायला सांगा, ऑर्डर किती महिन्यांची, नाईटला एका सिस्टरकडं किती पेशंट, पगार बँकेत जमा होतो का. आणि किट घालायला सगळे शिकवतात, काढायला नीट शिकून घे म्हणावं, कारण लागणीचा धोका काढतानाच जास्त असतो. बाहेरची बाजू हाताला लागू द्यायची नाही, मास्क सगळ्यात शेवटी, घाई कितीही असो. तिच्या पप्पांना म्हणावं, परत साथ आलीच तर पोरीला परत बोलावू नका, तिच्या जेवणाखाण्याची आणि राहण्याची सोय बघा.

प्रश्न : माझी मिसेस कोविड आयसीयूत नर्स होती. अजून रात्री मॉनिटरचा आवाज आला म्हणून दचकून उठती. विचारलं तर काही नाही म्हणती. काय करावं? — जालना

उत्तर : दादा, "आता विसर ते" असं म्हणू नका. डोळ्यासमोर माणसं गेलीत तिच्या, आणि तेव्हा रडायलासुद्धा टाइम नव्हता. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, मनाच्या त्रासासाठी, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही लावा, तिला शेजारी बसवा. झोप अशीच मोडत राहिली तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवा, आणि काही दिवस नाईट नको म्हणून तिनं मेट्रनकडं (सिस्टरांच्या प्रमुखाकडं) अर्ज द्यावा.