कोकणात गाडीसाठी पत्र्याची शेड घालताय?

मापापासून सुरुवात करा. छोट्या गाडीला आत १० बाय १८ फूट पुरतं. ९ फूट रुंदीत दार उघडताना भिंत लागते. १० फुटांच्या रुंदीत छपराला उतार किमान दीड फूट द्या. फॅब्रिकेटर सहा इंचांवर भागवू बघतो, पण मग जोरदार पावसात पाणी जोडातून उलटं आत चढतं.

खांबाचा पाया दीड बाय दीड आणि दोन फूट खोल. लोक वजनाचा विचार करतात, पण पत्र्याला खरी भीती वाऱ्याने उचललं जाण्याची. म्हणून बेसप्लेटला (खांबाच्या तळाची लोखंडी पट्टी) १२ मिमीचे चार बोल्ट, काँक्रीट भरतानाच.

पत्रा ०.५० मिमीचा, आडव्या पाइपांत चार फुटांहून जास्त अंतर नको. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून पत्रे वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून लावत या, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर. रबरी वॉशर जरासा दबला की थांबा. कडेने फुगून बाहेर आला तर दोन उन्हाळ्यांत तडकणार आणि तिथूनच गळणार.

पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका, कात्रीच वापरा. ठिणग्यांनी रंग जळतो आणि कडा गंजते. ड्रिलचा कीस त्याच संध्याकाळी झाडून काढा, नाहीतर पहिल्याच दवात तांबडे ठिपके. वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यावर रेडऑक्साइडचे (गंजरोधक रंग) दोन हात.

कोबा चार इंची, दाराकडे दोन इंच उतार, सात दिवस पाणी मारा.