पहिल्या वारीला निघण्यापूर्वी

माउली, अभंग पाठ नाहीत, टाळाचा ठेका चुकतो आणि गळ्यात माळही नाही, मग दिंडीत चालण्याचा आपल्याला अधिकार काय, ही तुमची शंका मला परकी नाही. पहिल्या वर्षी आळंदीहून निघताना मीही याच विचाराने शेवटच्या ओळीत उभा राहिलो होतो. दिंडीत हे कोणी विचारत नाही, ओळ मोडू नका एवढेच सांगतात.

पुणे ते सासवड हा टप्पा सुमारे 30 किलोमीटरांचा असून दिवेघाटाची चढण त्यातच येते, आणि मन नेमके तेथेच कच खाते. तेव्हा पंढरपूर किती दूर आहे याचा हिशेब न करता पुढच्या माणसाच्या टाचांकडे पाहत चालावे. (नवे बूट मात्र घरीच ठेवा.) जगण्याचा अर्थ शोधायला येत असाल, तर मुक्कामी तंबूच्या खुंट्या ठोकायला आधी हात लावा, मला तो प्रवचनापेक्षा तेथे अधिक जाणवला.

वाटेत चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण झाले, म्हणजे दुतर्फा उभ्या वारकऱ्यांमधून माउलींचा अश्व धावत गेला, की लोक अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावतात आणि फुगड्या रंगतात. पंढरपूर गाठण्याआधीच हा आनंद कशाला, असे वाटून मी कडेला उभा होतो. तेव्हा सत्तरीच्या एका आजींनी माझे दोन्ही हात धरून मला असे गरगर फिरवले, की डोक्यावरची टोपी उडाली आणि फुगडी संपेपर्यंत ती शोधायला त्यांनी मला सोडलेच नाही.