अपघात भरपाईच्या दाव्यासाठी वकील नेमताना काय विचारावं?

रस्ते अपघातात जखमी झाल्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं असेल, तर आधी फीचं विचारा. ‘मिळालेल्या रकमेतले इतके टक्के’ असा सौदा बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांत बसत नाही. ठरावीक फी, टप्पे आणि खर्च वेगळा, हे लेखी घ्या. कोऱ्या कागदावर किंवा चेकवर सही अजिबात नको.

मग खरा प्रश्न: अपंगत्व कसं सिद्ध करणार? डॉक्टरांनी पायाला 30 टक्के लिहिलं, तरी ड्रायव्हरची कमाई त्याहून कितीतरी जास्त बुडू शकते. भरपाई त्या बुडणाऱ्या कमाईवर ठरते. म्हणून डॉक्टरांची साक्ष होणार का, उत्पन्नाचा पुरावा काय देणार, हे विचाराच. नुसत्या दाखल्यावर विसंबलेले दावे इथेच पडतात.

एफआयआर, पंचनामा, समोरच्या वाहनाचा विमा आणि चालकाचा परवाना वकिलांनी पाहिलाय का? दावा तुम्ही राहता तिथेही दाखल होतो. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा कोणत्या तारखेला दाखल करणार हे पहिल्याच भेटीत विचारा. तारखांना ते स्वतः उभे राहणार की ज्युनिअर, तेही.