क्रोशाच्या नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ नेमका कोणता? ब्रिटिश आणि अमेरिकन नावांत फरक का पडतो?

तुम्ही लिहिले आहे की, गोल आसनाच्या इंग्रजी नमुन्यात पहिल्या फेरीत ६ ‘डीसी’ (डबल क्रोशे) घालून पुढच्या प्रत्येक फेरीत ६ ‘डीसी’ वाढवायला सांगितले होते; तुम्ही व्हिडिओ पाहून शिकलेला डबल क्रोशे घातला, दर फेरीला टाके मोजले, तेही बरोबर भरले, आणि तरी चौथ्या फेरीपर्यंत विणकाम वाटीसारखे वर उचलले गेले. हात घट्ट आहे का, की मोठी सुई घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. दोन्हींची गरज नाही. तुमचा नमुना ब्रिटिश नावांत लिहिलेला आहे आणि तुम्ही टाके अमेरिकन नावांनी शिकला आहात. ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा न घेता घातलेला बुटका टाका, तर अमेरिकन ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला नेहमीचा, एका वेढ्याचा उंच खांब. तुम्ही मुक्या खांबांच्या जागी पूर्ण खांब घातले, एवढेच झाले आहे.

नमुना न पाहताही मी हे खात्रीने सांगू शकते, कारण तुम्ही दिलेला ६ हा आकडाच ते सांगतो. वर्तुळाचा घेर त्रिज्येच्या साधारण सव्वासहा पट असतो. मुका खांब जेवढा रुंद, जवळजवळ तेवढाच उंच असतो, म्हणून त्याची एक फेरी पूर्ण झाली की त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि घेर सुमारे सहा टाक्यांनी वाढवावा लागतो. खांब मात्र त्याच्या रुंदीच्या जवळपास दुप्पट उंच असतो, त्यामुळे खांबांचा गोल सपाट राहण्यासाठी पहिल्या फेरीत १२ खांब आणि पुढे दर फेरीला १२ ची वाढ लागते. तुम्ही उंची खांबाची दिली आणि वाढ मात्र मुक्या खांबाची केली. घेर निम्माच पडला आणि कडेला वर वळण्यावाचून मार्ग उरला नाही. याच्या उलट चूक झाली, म्हणजे १२ अमेरिकन ‘डीसी’ सांगणारा नमुना कोणी मुक्या खांबांनी विणला, तर घेर गरजेपेक्षा दुप्पट होतो आणि कडेला झालरीसारख्या लाटा उठतात. गोल विणकाम निदान लवकर बोलते. मफलर, पांघरूण अशा सरळ ओळींच्या कामात चूक कळायला फार उशीर लागतो, कारण तिथे काहीच वाकत नाही. फक्त वस्तू भलत्याच मापाची आणि भलत्याच पोताची होते.

आता नावे अशी का फिरली, हे समजून घ्यायचे असेल तर टाका घालताना सुईवर काय घडते ते सावकाश पाहावे लागते. मुक्या खांबासाठी वेढा न घेता सुई टाक्यात घालून दोरा ओढून घेतला की सुईवर दोन फास दिसतात, आणि पुन्हा दोरा घेऊन तो दोन्हींतून एकदम काढला की टाका संपतो. खांबासाठी आधी सुईवर एक वेढा घ्यायचा असतो. मग सुई टाक्यात घालून दोरा ओढला की फास तीन होतात, आणि ते दोन-दोन करत दोन खेपांत सोडवावे लागतात. दोन वेढ्यांच्या खांबाला चार फास आणि तीन खेपा लागतात. ब्रिटिश नावे सुईवरच्या फासांच्या संख्येशी जुळतात: दोन फास म्हणून ‘डबल’, तीन फास म्हणून ‘ट्रेबल’. अमेरिकन नावे सोडवण्याच्या खेपांशी जुळतात: एक खेप म्हणून ‘सिंगल’, दोन खेपा म्हणून ‘डबल’, तीन खेपा म्हणून ‘ट्रेबल’. फास नेहमी खेपांपेक्षा एकाने जास्त असतात, म्हणून ब्रिटिश नाव अमेरिकन नावाच्या नेहमी एक पायरी पुढे असते. मला हे उमगले त्या दिवसापासून तक्ता पाठ करण्याची गरजच उरली नाही.

यात अर्ध्या खांबाचे थोडे वेगळे आहे. त्यालाही एक वेढा आणि तीन फास असतात, पण तिन्ही फास एकाच खेपेत सोडवतात. त्याला ब्रिटिश लोक ‘हाफ ट्रेबल’ म्हणतात आणि अमेरिकन ‘हाफ डबल’, म्हणजे ज्या खांबाचा तो अर्धा आहे त्या खांबाचेच नाव प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लावले आहे. दोन वेढ्यांच्या खांबाला ब्रिटिश नमुन्यात ‘डबल ट्रेबल’ म्हणतात, तर अमेरिकन नमुन्यात नुसता ‘ट्रेबल’. तीन वेढ्यांच्या खांबाला ब्रिटिश ‘ट्रिपल ट्रेबल’ म्हणतात आणि अमेरिकन ‘डबल ट्रेबल’. साखळी दोन्हीकडे साखळीच आहे आणि स्लिप स्टिचही (जवळजवळ उंची नसलेला, जोडणीचा टाका) आज दोन्हीकडे स्लिप स्टिचच आहे. मात्र एकोणिसाव्या शतकातला एखादा जुना नमुना हाती आला आणि त्यात ‘सिंगल क्रोशे’ दिसला, तर तो आजचा अमेरिकन सिंगल समजू नये. त्या काळच्या नमुन्यांत पुष्कळदा स्लिप स्टिचलाच ते नाव दिलेले असते.

खरा धोका वेगळ्या शब्दांमुळे होत नाही, तो सारख्या शब्दांमुळे होतो. ‘सिंगल क्रोशे’ माहीत नसलेला माणूस निदान थांबून कोणाला तरी विचारतो. ‘डबल’ आणि ‘ट्रेबल’ मात्र दोघांनाही माहीत असतात, म्हणून कोणीच विचारत नाही. माझ्या मावशीचे आणि माझे असेच झाले. भाचीच्या पांघरुणासाठी आम्ही चौकोन वाटून घेतले होते, तिने वीस आणि मी वीस, चार-चार फेऱ्यांचे, कोपऱ्यात साखळ्या आणि मध्ये तीन-तीन ट्रेबलचे झुबके. फोनवर ती म्हणाली, “प्रत्येक जागी तीन ट्रेबल,” आणि मी म्हणाले, “हो, तीन ट्रेबल.” मावशी जुन्या ब्रिटिश पुस्तकांवरून शिकलेली, मी अमेरिकन व्हिडिओंवरून. लोकर एकच होती, सुई एकाच मापाची होती. चौकोन जोडायला बसलो तेव्हा माझा चौकोन तिच्या चौकोनावर ठेवला, तर चारही बाजूंनी बोटभर बाहेर आला, आणि झुबक्यांमधली भोके इतकी मोठी की खालची चादर दिसत होती. मावशीने माझा चौकोन उजेडात धरला, एका खांबावर नख ठेवून खालून वर नेले आणि खांबाच्या अंगावरची तिरपी वळणे मोजली. तिच्या खांबावर एक होते, माझ्या खांबावर दोन. कोणी काही चुकले नव्हते. दोघींनी आपापल्या भाषेतला ट्रेबल बरोबर घातला होता. माझे वीसही चौकोन उसवावे लागले.

ती वळणे मोजण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली, आणि तुम्हालाही तीच सुचवेन. पूर्ण झालेल्या खांबावर जितकी तिरपी वळणे दिसतात, तितके वेढे सुरुवातीला घेतलेले असतात. नमुन्याबरोबर स्पष्ट छायाचित्र असेल तर शब्द वाचण्याआधी ते मोठे करून पाहावे. नुसती उंचीसुद्धा पुष्कळ सांगते: ज्या ओळीला मजकूर ‘डीसी’ म्हणतो ती ओळ चित्रात बुटकी आणि दाट दिसत असेल तर नमुना ब्रिटिश आहे, उंच आणि जाळीदार दिसत असेल तर अमेरिकन.

चित्र नसेल तर मजकुरातच खुणा शोधाव्या लागतात. चांगल्या नमुन्यात सुरुवातीलाच कोणती नावे वापरली आहेत ते सांगितलेले असते. ते नसेल तर आधी ‘एससी’, म्हणजे ‘सिंगल क्रोशे’चा संक्षेप, शोधावा. ब्रिटिश पद्धतीत आज ‘सिंगल क्रोशे’ नावाचा टाकाच नाही, त्यामुळे सध्याच्या नमुन्यात ‘एससी’ एकदा जरी दिसले तरी तो अमेरिकन ठरतो. तसेच ‘एचडीसी’ (हाफ डबल) असेल तर अमेरिकन आणि ‘एचटीआर’ (हाफ ट्रेबल) असेल तर ब्रिटिश. टाका सोडून पुढे जायला ‘स्किप’ म्हटले आहे की ‘मिस’, आणि विणीच्या मापाला ‘गेज’ म्हटले आहे की ‘टेन्शन’, यावरूनही अंदाज येतो. प्रत्येक जोडीतला पहिला शब्द अमेरिकन आहे, दुसरा ब्रिटिश. नमुना लिहिणारी व्यक्ती कोणत्या देशातली आहे, यावर मात्र मी कधीच विसंबत नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातले अनेक जण जास्त वाचकांपर्यंत पोहोचण्यासाठी अमेरिकन नावे वापरतात, त्यामुळे स्पेलिंग ब्रिटिश आणि टाके अमेरिकन अशी सरमिसळ सर्रास आढळते.

ज्या नमुन्यात फक्त ‘डीसी’ आणि ‘टीआर’ (ट्रेबल) एवढीच अक्षरे आहेत, तो सर्वांत फसवा, कारण ती दोन्हीकडे चालतात. अशा वेळी ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या पाहाव्यात. ओळ वळवताना टाक्याच्या उंचीइतक्या साखळ्या घालाव्या लागतात: मुक्या खांबाला १, अर्ध्या खांबाला २, खांबाला ३ आणि दोन वेढ्यांच्या खांबाला ४. म्हणून ‘३ साखळ्या म्हणजे पहिला डीसी’ असे लिहिले असेल तर नमुना अमेरिकन, आणि ‘३ साखळ्या म्हणजे पहिला टीआर’ असे असेल तर ब्रिटिश. विणीचे मापही असाच पुरावा देते. १० सेंटिमीटरच्या चौकोनात टाके १६ आणि ओळी ८-९ सांगितल्या असतील तर टाका खांबाएवढा उंच आहे. टाक्यांइतक्याच किंवा त्याहून थोड्या जास्त ओळी असतील तर तो मुका खांब आहे. तुमच्या नमुन्यात पहिल्या फेरीतले ६ टाके आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एकच साखळी असेल, तर शंकेला जागाच उरत नाही.

नमुना आपल्या सवयीच्या नावांत उतरवून घ्यायचा असेल तर क्रम फार जपावा लागतो, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. ब्रिटिश नमुना अमेरिकन करताना सर्वांत बुटक्या टाक्यापासून सुरुवात करावी: आधी सगळे ‘डीसी’ बदलून ‘एससी’ करावेत, मग ‘टीआर’ चे ‘डीसी’ आणि शेवटी ‘डीटीआर’ (डबल ट्रेबल) चे ‘टीआर’. क्रम उलटा धरला तर ‘डीटीआर’ चा झालेला ‘टीआर’ पुढच्या बदलात ‘डीसी’ होतो आणि शेवटी ‘एससी’, म्हणजे एकच टाका पुन्हा पुन्हा घसरतो. अमेरिकन नमुना ब्रिटिश करताना नेमके याच्या उलट, सर्वांत उंच टाक्यापासून खाली यावे. संगणकावर शब्द शोधून बदलत असाल तर पूर्ण शब्दच बदलण्याची खबरदारी घ्यावी, कारण ‘एचडीसी’ च्या पोटात ‘डीसी’ आहे आणि ‘डीटीआर’ च्या पोटात ‘टीआर’.

मी स्वतः आता दोन्हींपैकी कुठल्याच नावांत उतरवत नाही. नमुना छापून घेते आणि प्रत्येक संक्षेपाच्या वर पेन्सिलीने मुका, अर्धा, खांब किंवा दोन वेढे असे लिहिते. आपल्या मराठी नावांत फास किंवा खेपा मोजलेल्याच नाहीत. टाका कसा दिसतो तेच त्यात सांगितले आहे, आणि म्हणून ती माझ्या मते या दोन्ही पद्धतींपेक्षा सरस आहेत. चिन्हांचे आलेखही याच कारणाने भरवशाचे असतात. त्यांत मुक्या खांबाला फुली किंवा अधिकचे चिन्ह, अर्ध्या खांबाला इंग्रजी टी सारखी आकृती, आणि खांबाला त्याच आकृतीच्या दांड्यावर एक तिरपी रेघ असते. दोन वेढे असतील तर दोन रेघा. नमुन्याबरोबर आलेख दिलेला असेल तर मजकूर बाजूला ठेवून मी आलेखावरूनच विणते.

सुईबद्दलही एक सांगायला हवे, कारण तुम्ही मोठी सुई घेण्याचा विचार करत आहात. सुयांचे आकडेही दोन्हीकडे एक नाहीत. जुन्या ब्रिटिश क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते आणि ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते. अमेरिकन ‘एच-८’ मात्र ५ मिलिमीटरची असते. म्हणून सुई नेहमी मिलिमीटरवरूनच निवडावी. तुमच्या आसनासाठी आहे तीच सुई ठेवा, काम पहिल्या कड्यापर्यंत उसवा आणि कड्यात ६ मुके खांब घाला. दुसऱ्या फेरीत ते १२ होतील, तिसरीत १८ आणि चौथीत २४. तिथे थांबून आसन टेबलावर ठेवून पाहा. हाताने न दाबता ते सपाट बसले पाहिजे.