बीएएमएस डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर चालतं का?

प्रश्न: आमचे फॅमिली डॉक्टर बीएएमएस आहेत. मुलाला ताप आला तेव्हा त्यांनी अँटिबायोटिक दिलं, मुलगा बराही झाला. पण जाऊबाई म्हणतात आयुर्वेदवाल्यांना असली औषधं देताच येत नाहीत, केस होते. आता सासऱ्यांना भगंदर झालाय आणि तेच डॉक्टर एमएस आयुर्वेद झालेल्या सर्जनकडे पाठवतायत. जावं का? आम्ही पुण्याजवळ राहतो.

उत्तर: जाऊबाई पूर्ण चुकीच्या नाहीत, फक्त राज्य कुठलं ते बघायला हवं होतं. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आयुर्वेदाच्या डॉक्टरला अॅलोपथीची औषधं लिहिता येतात की नाही हे त्या त्या राज्याने काय ठरवलंय त्यावर आहे, आणि आपल्या महाराष्ट्राने नोंदणी असलेल्या बीएएमएसना ती परवानगी दिलेली आहे. म्हणून डिग्रीपेक्षा आधी भिंतीवरचं महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचं सर्टिफिकेट बघा. ते असेल तर तुमच्या डॉक्टरांनी काही गुन्हा केलेला नाही. (मी स्वतः वैद्य आहे, आणि साध्या सर्दीतापाला उठसूट अँटिबायोटिक देणारे आमच्यातलेही बघते, पण तो कायद्याचा नाही, अकलेचा प्रश्न.)

लोकांनी धसका घेतलाय तो बहुतेक १९९६ च्या निकालाचा. त्यात होमिओपॅथीच्या डॉक्टरने अॅलोपथीची औषधं दिली, पेशंट दगावला, आणि जे शिकलाच नाहीत ते दिलंत हाच निष्काळजीपणा असं कोर्ट म्हणालं.

काही गोष्टी मात्र बीएएमएसना नाहीतच. गर्भपात नाही, गोळ्या देऊनही नाही. गरोदरपणातली सोनोग्राफी नाही. कोणी 'आमच्याकडे होतं सगळं' म्हणालं तर तिथून उठून या.

आता भगंदर, म्हणजे गुदद्वाराजवळ आतून कातडीपर्यंत तयार झालेली नळी. नुसत्या बीएएमएसने ऑपरेशन करणं वेगळं आणि त्यानंतर तीन वर्षं शल्यतंत्र, म्हणजे आयुर्वेदातली सर्जरी, शिकून एमएस झालेल्याने करणं वेगळं. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेत शल्यच्या ३९ आणि शालाक्यच्या (डोळे, कान, नाक, घसा, दात) १९ प्रोसिजर नावानिशी दिल्यात, त्यावरून आयएमए या अॅलोपथी डॉक्टरांच्या संघटनेने ११ डिसेंबरला संप केला होता, आठवत असेल. मूळव्याध, भगंदर त्या यादीत आहेत आणि खरं सांगायचं तर भगंदरात आयुर्वेदाचा हात चांगला आहे. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर दिलेला दोरा, म्हणजे क्षारसूत्र, त्या नळीतून ओवतात आणि साधारण आठवड्याला बदलतात, तो हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने १९९१ मध्ये ऑपरेशनशी तुलना केली तेव्हा क्षारसूत्राला बरं व्हायला वेळ जास्त लागला, पण पुन्हा भगंदर होण्याचं प्रमाण कमी निघालं. तेव्हा सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, आठ-दहा दिवसांचं काम नाही हे.

जायला हरकत नाही. फक्त एमएसची नोंदणी बघा, भूल द्यायची वेळ आली तर कोण देणार ते विचारा, आणि एमआरआय झालाय का तेही, कारण नळी किती आत आणि कुठल्या स्नायूतून गेलीय हे नुसतं बोटाने प्रत्येक वेळी कळत नाही. सासऱ्यांना शुगर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.